राखणदाराची जबानी

आमच्या गावात नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ किनाऱ्यावरून पाण्यात जात नाही, उघाडीवरून जातो. गावाची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आणि त्या बांधात एक दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं दार मिटतं, ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. ती धड राहिली तर भात, नाहीतर पुढची चार वर्षं शेतात मीठ आणि तिवराची झुडपं. म्हणून पहिला नारळ तिचा. आणि तो वाहण्याचा मान माझ्या घराचा नाही, माझ्या शेजारच्या घराचा आहे.

मला त्या नारळाचा हेवा वाटतो. लपवून काय करू? सहाव्या वर्षापासून वाटतो. दरवर्षी सोवळं नेसून शेजारचे दादा बांधावरून पुढे जातात, मागं ताशा, त्यामागं गाव, आणि गावात कुठंतरी मी. दादा नारळ डोक्याला लावतात, हळूच सोडतात. फेकत नाहीत, सोडतात. ते सोडणंही मला खुपतं. माझ्या हातात असता तर मी लांब फेकला असता.

तो मान पूर्वी आमचा होता. माझे वडील उघाडीचे राखणदार होते आणि पहिला नारळ राखणदाराच्या घरचा, अशीच रीत होती. मी सहा वर्षांचा असताना श्रावणातल्या एका उधाणाला, भर दुपारी, उघाडी फुटली, बांधाला खांड पडली. दादांचे वडील भगदाडात उतरले, छातीइतक्या पाण्यात आडव्या फळीला पाठ लावून उभे राहिले आणि गाव माती घेऊन येईपर्यंत हलले नाहीत. तरी निम्मं शेत गेलं. पण निम्मं राहिलं, ते त्यांच्यामुळे. मग गावानं विचारलं, राखणदार कुठं होता? आणि गावानंच उत्तर दिलं, झोपला होता.

त्या वर्षी नारळ शेजारी गेला. आम्ही झोप्याची पोरं झालो. शाळेत मी जरा डोळे चोळले तरी मागून घोरण्याचा आवाज यायचा. मोठ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोप धाडला की झोपाळू घरातली मुलगी नको. पुढं तिला मुरुडला दिली, चांगली नांदली, पण ती गोष्ट अजून बोलून दाखवते. वडील काहीच बोलले नाहीत. मी पंचविशीत असताना ते गेले, तोवर त्यांनी त्या दुपारबद्दल घरात एक शब्द काढला नाही.

आठवीत शाळा सोडून मी मिठागरावर गोणी उचलल्या. मग ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग स्वतःचा ट्रक, आणि आता खडी, विटा, सिमेंटचा धंदा. किहीमला मुंबईकरांचे बंगले उठले त्यांतल्या कितीतरींच्या पायात माझा माल आहे. मोठमोठ्या वकील-डॉक्टरांशी मी घासाघीस केली आणि त्यांना वाटावं की तेच जिंकले, अशा भावात माल विकला. शेजाऱ्यापेक्षा एक मजला जास्त चढवला. दादा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते, तिथून वर बघून म्हणाले, "छान झालं हो घर." तेवढंच. इतक्या सहज म्हणाले की मजल्यातली सगळी गंमत गेली.

नारळ विकत घ्यायचा प्रयत्नही मी करून बघितला. एकदा उघाडीच्या फळ्या बदलायच्या होत्या. बांध सांभाळायला गावाची समिती असते, दादा तिचे अध्यक्ष. मी म्हटलं, सागाच्या फळ्या मी देतो, लोखंडी बिजागऱ्या मी देतो, त्या बदल्यात पहिला नारळ माझ्या घरचा. समितीत कुजबुज झाली. दादा म्हणाले, "फळ्या दे, गावावर उपकार होतील. नारळाचं मात्र राहू दे." सगळ्यांसमोर आता नाही कसं म्हणणार? फळ्या गेल्या. सौदा न होता माल गेला, असं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच.

हे सगळं मी गिळून बसलो होतो. गेल्या वर्षी सरकारनं उघाडी नव्यानं काँक्रीटमध्ये बांधायला घेतली आणि समितीनं ठरवलं की शेजारी एक दगडी पाटी लावायची, उघाडीचा इतिहास लिहून. देवळाच्या मंडपात मसुदा वाचला गेला. "राखणदाराच्या गाफीलपणामुळे उघाडी फुटली असता..." आणि पुढं दादांच्या वडिलांचा पराक्रम.

मी उभा राहिलो. काय बोललो ते मला नीटसं आठवत नाही, पण माझा आवाज ऐकून देवळाबाहेरची माणसं आत आली. लोकांच्या तोंडचं एक दिवस विसरलं जातं, दगडावरचं कोण पुसणार? माझा नातू त्या पाटीसमोर उभा राहून वाचणार. कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "शेठ, बस खाली. वरडून खांड बुजत न्हाय." मंडप हसला. शेठ हा शब्द माझ्यासाठी आमच्या गावात नेहमी असाच वापरतात.

दादा हसले नाहीत. म्हणाले, "तेव्हा सरकारी चौकशी झाली होती, हे मी वडिलांकडून ऐकलंय. कागद आण. त्यात जे असेल ते पाटीवर घालू. पौर्णिमेपर्यंत पाथरवटाला थांबवतो."

इतकं सरळ बोललं की भांडायला जागा राहत नाही.

मी कामाला लागलो. आधी तलाठी, मग तहसील. मी सरकारी कचेऱ्यांत आयुष्य घालवलेला माणूस आहे, कुणाला चहा पाजायचा, कुणापुढं गप्प बसायचं, मला कळतं. पण तिथल्या माणसांकडं खरंच काही नव्हतं. सातबाऱ्याचे जुने उतारे होते, फेरफार होते, चौकशीचा कागद नव्हता. शेवटी एका शिरस्तेदारानं सांगितलं, "छापील अहवाल असेल तर आमच्याकडं नाही मिळायचा. शहरातल्या जुन्या वाचनालयात बघा. त्यांच्याकडं सरकारी प्रकाशनांचं कपाट आहे."

ते वाचनालय मला माहीत होतं. मी तिथं कधी पायरी चढलो नव्हतो, कारण तिथं दादांची सून काम करते.

हाही एक काटाच. माझ्या घरात काचेचं मोठं शोकेस आहे, त्यात बाहुल्या आहेत, घड्याळं आहेत. दादांच्या घरात ओटीवर पुस्तकं पडलेली असतात आणि सून रोज एसटीनं शहरात जाऊन पुस्तकांतच बसते. गावात कुणाला अर्ज लिहायचा असेल तर तिच्याकडे जातात. माझी सून खारघरला असते, चांगली आहे, पण तिला अर्ज लिहायला सांगितलं तर ती मोबाइल पुढं करते.

मी आठवडाभर टाळलं. मग गेलो, आणि खोटं बोललो.

"मिठागराच्या हद्दीचे जुने कागद बघायचेत," मी म्हटलं.

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. चाळिशीची बाई, आवाज हळू, सासऱ्यांसारखाच. "काका, मिठागराच्या हद्दीचे की उघाडीचे?"

"तुझ्या सासऱ्यांनी सांगितलं वाटतं."

"अख्खं गाव सांगतंय. देवळातला आवाज एसटी थांब्यापर्यंत आला होता म्हणे."

मी तिथंच परत फिरणार होतो. पण ती उठून आत गेलीसुद्धा, किल्ली घेऊन. मागच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. आत बांधणी केलेले जाडजूड ग्रंथ, पिवळी पानं, पाठीवर सोनेरी अक्षरं उडालेली. जुन्या कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा त्यांनी आपली छापील दप्तरं इथं आणून दिली होती, असं तिनं सांगितलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "आमच्या गावाचं काय असेल ते सगळं काढ."

"गावाच्या नावानं इथं काही नसतं, काका. सरकार गावाप्रमाणं कागद ठेवत नाही, खात्याप्रमाणं ठेवतं. कुठल्या खात्याचं काम होतं?"

"महसूल. जमीन म्हटल्यावर महसूलच."

 तिनं महसूल खात्याचे खंड काढून दिले. मी तीन आठवडे, मंगळवारी आणि शुक्रवारी, ते उलटत बसलो. जिल्ह्यातली दुष्काळाची सूट, बागायतीचे दर, कुणाचं तरी इनामाचं गाव. आमचं काही नाही. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "काका, बोट जिभेला लावू नका." नोटा मोजून मोजून लागलेली सवय. तिनं माझ्यापुढं कापडाची घडी ठेवली, बोट पुसायला. शाईचं पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. साडेबाराला वाचनालय बंद व्हायचं. मी म्हटलं एक वाजेपर्यंत ठेव. ती म्हणाली साडेबारा. मी म्हटलं पावणेएक. ती म्हणाली, "काका, ही भाजी नाही." मी आयुष्यात कुणाकडून हे ऐकून घेतलं नव्हतं. ऐकून घेतलं.

चौथ्या आठवड्यात मी भडकलो. खंड धाडकन मिटला. "इथं काहीच नाही! उगाच बसवून ठेवलंस मला."

"महसूल तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "बांध कुणी बांधला होता?"

"खारभूमीवाल्यांनी."

"मग ते वेगळं खातं नाही का?"

 बांधावर वाढलेला माणूस मी. त्या खात्याचे इंजिनिअर आमच्या ओटीवर पाणी प्यायचे. पण डोक्यात बसलेलं, जमीन म्हणजे महसूल. तिला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं.

"आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, दादांच्या सुनेनं मुद्दाम दुसरीकडं पाठवलं."

हे खरं होतं. मी तसं म्हटलंच असतं.

खारभूमीचे खंड पातळ होते. त्या वर्षीच्या अहवालात आमची उघाडी एका ओळीत होती, "उधाणामुळे नुकसान, चौकशी करण्यात आली." बस. निम्मं शेत मिठात बुडालं आणि सरकारनं एक ओळ लिहिली. मला वाटलं संपलं. तिला मात्र त्या ओळीनं तरतरी आली. "चौकशी झाली म्हणजे कुणीतरी ओरडलं असणार. त्या वेळचे आमदार." तिनं विधानसभेच्या कामकाजाचे खंड काढले. शेवटी सूची असते, विषयवार. ती बोटानं, कोरड्या बोटानं, खाली खाली गेली. तारांकित प्रश्न. आमच्या उघाडीचं नाव. मंत्र्यांचं उत्तर चार ओळींचं, आणि शेवटची ओळ ही, की चौकशी अहवालाची प्रत सभागृहाच्या ग्रंथालयात ठेवण्यात आली आहे.

"मुंबईत आहे म्हणजे," ती म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. मला त्या आनंदाचासुद्धा हेवा वाटला. माझ्या वडिलांचा कागद, आणि सापडल्याचा आनंद तिचा.

मी म्हटलं उद्या जातो आणि घेऊन येतो. ती म्हणाली असं मिळत नाही, वाचनालयानं वाचनालयाला लिहावं लागतं. तिनं पत्र लिहिलं, शिक्का मारला, माझी सही घेतली. "मागणी करणारे" या रकान्यात माझं नाव. मग वाट बघणं. मी दर दोन दिवसांनी फोन करत होतो. पाथरवट दगड घासून बसला होता.

पौर्णिमेला बारा दिवस असताना तिचा फोन आला. "काका, आलंय. या." एवढंच बोलली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी गेलो तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. बाहेरून आलेल्या प्रत्येक पानावर वाचनालयाचा शिक्का मारावा लागतो, म्हणून फोडावंच लागतं. म्हणजे तिनं वाचलं होतं. तिनं अकरा पानं माझ्यापुढं ठेवली, वर पंखा लावला आणि बाहेर जाऊन बसली.

पहिली पानं मोजमापाची होती. नंतर जबान्या. माझ्या वडिलांची जबानी नऊ ओळींची.

विचारल्यावरून सांगतो की मी उघाडीचा राखणदार आहे. खालच्या दोन फळ्या कुजल्याबद्दल मी ओव्हरसियरसाहेबांना दोन वेळा सांगितले. त्या दिवशी उधाण मोठे असल्याने तिसऱ्यांदा सांगण्यास मी सकाळी चालत तालुक्यास गेलो. उघाडीवर शेजाऱ्यास बसवून गेलो. परत आलो तेव्हा खांड पडली होती व शेजारी पाण्यात उभा होता. शेजाऱ्यावर ठपका ठेवू नये. तो आत उतरला नसता तर काही उरले नसते. माझ्या कुटुंबात पत्नी, एक मुलगी, एक मुलगा.

पुढची जबानी दादांच्या वडिलांची. विचारल्यावरून सांगतो की जेवण झाल्यावर बांधावर सावलीत मला झोप लागली. पायास पाणी लागले तेव्हा जाग आली. फळी गेली होती. मी खाली उतरलो.

मी पानं पुन्हा वाचली. पुन्हा वाचली. झोपले ते होते. माझे वडील तिथं नव्हतेच. ते उन्हात तालुक्याच्या वाटेवर चालत होते.

मला वाटलं होतं, असा कागद मिळाला तर मी त्याच पावली गावात जाऊन देवळाची घंटा वाजवीन. तसं झालं नाही. आधी आनंद झाला, तो टेबलावर हात आपटण्याइतका. मग जे आलं ते फार वाईट होतं. वडिलांना ठाऊक होतं. शेजारी झोपला होता हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर साहेबासमोर ठपका ठेवू नये म्हणाले, आणि गावात मात्र तोंड मिटून घेतलं. का? तर शेजारी पाण्यात उभा राहिला होता म्हणून. बरं, शेजाऱ्यानं साहेबाला खरं सांगितलं, पण गावाला नाही सांगितलं. आणि वडिलांनी ते चालवून घेतलं. माझ्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हाही. मी रडत शाळेतून आलो तेव्हाही. शेजाऱ्यासाठी नऊ ओळींत चार ओळी, आणि मला किती? एक मुलगा.

आयुष्यभर मी त्या घराचा हेवा केला, तो नारळासाठी असं समजून. त्या टेबलाशी मला पहिल्यांदा कळलं की त्या घराकडं माझं आणखी काहीतरी होतं आणि ते माझ्या बापानंच तिकडं दिलं होतं. दोघं संध्याकाळी बांधावर बिड्या ओढत बसायचे, मला आठवतं. मी जवळ गेलो की वडील म्हणायचे, जा, आईला मदत कर.

बाहेर आलो तेव्हा दादांची सून रजिस्टरवर नजर ठेवून बसली होती.

"सासऱ्यांना सांगितलंस?"

"नाही. कागद तुम्ही मागवलात. मी कशी सांगू?"

"पाकीट हरवलं म्हणाली असतीस तर?"

ती माझ्याकडं रागानं बघायला लागली. तिला पहिल्यांदा रागावलेलं बघितलं. "वाचनालयात आलेला कागद हरवत नाही," ती म्हणाली.

मी थेट दादांकडं गेलो. देवळात नाही, त्यांच्या ओटीवर. खरं सांगतो, सौदा करायला गेलो होतो. मनात पक्कं होतं: हा कागद एका पारड्यात, नारळ दुसऱ्या. दादांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, त्यांचं सगळंच सावकाश. आपल्या वडिलांच्या जबानीवर आल्यावर थांबले. मग पानं मांडीवर ठेवली.

"नारळ सोडताना आमचे वडील रडायचे," ते म्हणाले. "दरवर्षी. आम्हाला वाटायचं, भक्ती."

त्यांनी पानं माझ्या हातात परत दिली.

"माझ्या वडिलांचं नाव काढून टाक पाटीवरून. खरं काय ते लिही. नारळ तुझ्या घरचा. मी देवळात स्वतः सांगतो."

माझा असा संताप झाला की काय सांगू. हरलेला माणूस असा असतो? मी घासाघीस करायला शस्त्रं परजून गेलो होतो आणि या माणसानं सगळा माल माझ्या दारात आणून टाकला, किंमत न विचारता. आता घेतला तर मी दान घेतलेला, आणि ते देणारे.

"असं चालणार नाही," मी म्हटलं.

"मग कसं?"

"पाटीवर राखणदाराच्या गाफीलपणाची ओळ जाईल. तिथं येईल, फळ्या कुजल्या होत्या आणि राखणदार ते सांगायला तालुक्याला गेला होता. पुढं तुमच्या वडिलांचं आहे तसंच राहील."

"आणि झोप?"

"झोप पाटीवर नाही."

"अरे, पण मग ते अर्धंच खरं."

"माझ्या वडिलांनी ठपका ठेवू नये म्हटलंय. सरकारी कागदावर. त्यांचा शब्द मी मोडणार नाही. तुमच्यासाठी नाही हे."

"बरं. नारळ?"

"वर्षाआड."

"चालेल," दादा म्हणाले.

त्याच क्षणाला. मी म्हटलं आणि ते चालेल म्हणाले. धंद्यात समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला तर समजायचं, आपण कमी मागितलं. मी घरी येऊन रात्रीचं जेवलो नाही.

देवळात दादांनी एवढंच सांगितलं की कागद सापडला, राखणदार झोपला नव्हता, तालुक्याला गेला होता, आजवर गावानं त्याला उगाच बोल लावला. तोच म्हातारा कोपऱ्यातून म्हणाला, "मग झोपला त्ये कोन?" मी मोठ्यानं म्हटलं, "ओव्हरसियर." मंडप हसला. या वेळी माझ्या बाजूनं.

बहिणीला मी फोनवर सगळं वाचून दाखवलं, झोपेसकट.  ती म्हणाली, "व्हय रे, बाबांनी मला तरी सांगायचं होतं. मी काय त्या शेजाऱ्याला बुडवलं असतं?" आणि रागानं फोन ठेवला. तिचं अजून माझ्यासारखंच आहे.

पहिली पाळी दादांची, पुढच्या वर्षीची माझी; पौर्णिमा झाल्यावर मी वाचनालयात पानं परत करायला गेलो. सूनबाईनं विचारलं, "काका, ही प्रत नोंदवायची का? नोंदवली की कुणीही मागू शकतं. नाही तर तुम्ही घरी न्या, पत्र तुमच्या नावचं आहे."

मी विचार केला. घरी नेली तर काचेच्या शोकेसमध्ये जाईल आणि माझ्यामागं कुणीतरी ती रद्दीत टाकेल. जाळली तर वडिलांच्या नऊ ओळी जातील. देवळात लावली तर त्यांचा शब्द मोडेल.

"नोंदव," मी म्हटलं. "कशाखाली लावशील?"

"खारभूमी."

"तिथंच लाव." आमच्या गावातला माणूस शोधायला आला तर आधी महसूल मागणार, हे मला माहीत होतं. खारभूमीपर्यंत पोचेल त्याला वाचायचा हक्क आहे.

तिनं नोंद केली, क्रमांक टाकला, पानं कपाटात ठेवली. मला वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात सिमेंटच्या कामानं शहरात होतो, म्हणून सहज डोकावलो.

"दादा आले होते आज," ती म्हणाली. "अख्खी सकाळ बसले होते."

"काय वाचत होते?"

"तेच. एकच पान."

"त्यांच्या वडिलांचं?"

तिनं क्षणभर विचार केला, सांगावं की नाही असा. "नाही. तुमच्या वडिलांचं. दोनदा वही काढली, काहीतरी लिहून घेतलं. उद्या परत येतो म्हणाले."

माझ्या अंगाची आग झाली. तिथं लिहिलेलं त्यांच्या वडिलांसाठी होतं, हे मला माहीत होतं. पण बोललेला माझा बाप होता. त्याची जेवढी बोलणी जगात शिल्लक आहेत तेवढी त्या एका पानावर आहेत, आणि हा माणूस त्यांच्यासमोर सकाळभर बसतो, लिहून घेतो, उद्या परत येतो म्हणतो.

"उद्या किती वाजता उघडतेस?"

"साडेआठ."

"आठला उघड."

"काका..."

"सव्वाआठ."

"साडेआठ," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी आठलाच पायरीवर जाऊन बसलो. साडेआठला तिनं कुलूप काढलं, तेव्हा दादा कोपऱ्यावरून येताना दिसत होते, छत्री काखेत, नेहमीसारखे सावकाश. मी आत गेलो, हात धुतले, पुसून कोरडे केले, आणि मागणीची चिठ्ठी त्यांच्याआधी भरून दिली.